शिडाच्या नौकेचे इंजिन

शिडाच्या नौकेत इंजिनाचे स्थान मोठे चमत्कारिक असते. नौकेचा मालक आपल्या शिडांविषयी तासन् तास बोलेल, डोलकाठीच्या उंचीचा अभिमानाने उल्लेख करील, नाळेच्या घडणीचे कौतुक ऐकून सुखावेल, परंतु पायऱ्यांच्या मागे, फळ्यांच्या आड, तेलकट अंधारात बसलेल्या यंत्राचा विषय निघाला, की तो किंचित संकोचाने म्हणेल, "आहे आपले गरजेपुरते." इंग्रजी भाषेतही या इंजिनाला 'ऑक्झिलरी', म्हणजे साहाय्यक, असेच नाव आहे. वाऱ्यावर चालणाऱ्या नौकेने इंजिन बाळगणे म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याने पाठीला भोपळा बांधण्यासारखे आहे, अशीच जणू यामागची भावना असते.

ही भावना समजण्यासारखी आहे, पण ती निरुपद्रवी नाही. जे यंत्र आपण दुय्यम मानतो, त्याच्याकडे पाहण्याचे आपण टाळतो; आणि ज्याच्याकडे कोणी पाहत नाही असे यंत्र समुद्रावर नुसते बंद पडत नाही, ते नौकेत पाणी घेते, आग लावते आणि प्रसंगी झोपलेल्या माणसाचा प्राणही घेते. या इंजिनापासून सुरक्षित राहण्याचा मार्ग कारागिरीपेक्षा सवयीतून जातो, हे आजच्या भाषणात मला सांगावयाचे आहे.

प्रथम या यंत्राची गरज तरी कोठे पडते ते पाहू. केवळ वाऱ्याच्या बळावर सारी पृथ्वी ओलांडता येते, यात शंका नाही. मुंबईत सागवानी लाकडात बांधलेली 'सुहैली' ही अवघी बत्तीस फुटांची नौका घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फालमथ बंदर सोडले, आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, ते त्याच बंदरात परतले. एकट्याने आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले दर्यावर्दी होत. पुढे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या नौकेतून आपल्या नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने प्रदक्षिणा केली, आणि त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबई सोडून मार्च २०१३ च्या अखेरीस, वाटेत कोठेही न थांबता, पुन्हा मुंबई गाठली. २०१७-१८ मध्ये नौदलातील सहा महिला अधिकारी 'तारिणी' या नौकेतून जगाला वळसा घालून आल्या. या सर्व प्रवासांत नौका पुढे नेली ती शिडांनी.

परंतु महासागर वेगळा आणि बंदराचे तोंड वेगळे. महासागरात नौकेच्या चारही बाजूंना मोकळे पाणी असते. वारा पडला तर वाट पाहता येते. बंदरात वाट पाहण्यास जागा नसते. आपल्या किनाऱ्यावर पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो, दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, आणि या दोहोंच्या मधल्या वेळी शीड डोलकाठीवर ओल्या धोतरासारखे लोंबत राहते. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या भरतीला पाणी चार-साडेचार मीटर चढते. तेवढे पाणी आत येताना आणि बाहेर जाताना जो प्रवाह निर्माण होतो, तो वारा नसलेल्या नौकेला खुशाल एखाद्या नांगरलेल्या जहाजावर किंवा खडकावर नेऊन आदळील. अशा वेळी तांडेल त्या विसरलेल्या यंत्राकडे वळतो. म्हणजे जे यंत्र वर्षातील बहुतेक दिवस झोपलेले असते, त्याला आपण अत्यंत बिकट क्षणी हाक मारतो आणि त्याने पहिल्या हाकेला ओ द्यावी अशी अपेक्षा करतो. अपेक्षा करण्यास हरकत नाही. पण ती पुरी होण्यास काही तयारी करावी लागते.

बहुतेक शिडाच्या नौकांत आज डिझेल इंजिन असते, आणि त्याला सबळ कारण आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे ज्या इंजिनाची यशस्वी चाचणी दिली, त्यात ठिणगी नाही. नळकांड्यातील हवा दट्ट्याने इतकी दाबली जाते की तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि त्या तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा सोडताच ते आपोआप पेटते. खाऱ्या, दमट हवेत ठिणगीची वीज कधी दगा देईल याचा नेम नसतो. डिझेलला तिची गरजच नाही. शिवाय पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेण्याइतकी निघत असते. ती हवेहून जड असल्यामुळे नौकेच्या अगदी तळाशी, ज्याला बिल्ज म्हणतात त्या खोलगट भागात, पाण्यासारखी साचून राहते. मोटारगाडीखाली सांडलेले पेट्रोल वाऱ्याने उडून जाते. नौका मात्र भांड्यासारखी असते, तिच्यात जे सांडते ते तिच्यातच राहते. म्हणून ज्यांच्या नौकेत पेट्रोलचे इंजिन आहे त्यांनी ते सुरू करण्यापूर्वी निदान चार मिनिटे पंखा लावून इंजिनाच्या जागेतील हवा बाहेर काढावी, आणि त्यानंतरही स्वतःच्या नाकाने वास घेऊन पाहावा. पंखा चालू असणे हा हवा शुद्ध असल्याचा पुरावा नव्हे. स्वयंपाकाच्या गॅसलाही हाच नियम लागू आहे, कारण तोही हवेहून जड आहे.

डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे, परंतु ते निर्धोक मात्र नाही. इंजिन जगण्यासाठी बाहेरून तीन वस्तू आत घेते: इंधन, पाणी आणि हवा. या तीन वाटांनीच त्याच्यावर संकट येते आणि याच वाटांनी ते आपल्यावर संकट आणते. तेव्हा या तिन्ही वाटा क्रमाने तपासू.

पहिली वाट इंधनाची. डिझेल इंजिन इंधन अतिशय मोठ्या दाबाने, अतिशय बारीक छिद्रांतून फवारते. त्यामुळे डोळ्याला न दिसणारा कणही त्याला सहन होत नाही. उलट नौकेची टाकी ही घाण साठण्याची उत्तम जागा असते. टाकी अर्धी रिकामी राहिली, की दमट हवेतील पाण्याचे थेंब तिच्या आतल्या अंगाला धरतात आणि इंधनाहून जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसतात. पाणी आणि डिझेल जेथे एकमेकांना भेटतात त्या सीमेवर सूक्ष्म जंतू व बुरशी वाढतात, आणि त्यांचा काळपट, बुळबुळीत गाळ तयार होतो. शांत पाण्यात हा गाळ तळाशी निवांत पडून असतो. इंजिन सुरू होते, बंद होते, काही बिघडत नाही. मग एके दिवशी बाहेर वादळी लाटा उसळतात, नौका हेलकावे खाते, टाकी ढवळून निघते, आणि नौका बंदराच्या तोंडाशी येत असतानाच तो गाळ नळीतून गाळणीत जाऊन बसतो. इंजिन दोन-तीन आचके देते आणि थांबते. लोक म्हणतात, यंत्राने ऐन वेळी दगा दिला. वस्तुतः त्यात ना दैव असते ना दगा. खवळलेल्या पाण्याने गाळ उसळतो आणि खवळलेल्या पाण्यातच इंजिनाची निकड भासते. या दोन गोष्टी एकाच वेळी घडणे अगदी स्वाभाविक आहे.

यावरचा उपाय साधा आहे. नौका उभी करून ठेवताना टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे थेंब धरण्यास जागा उरत नाही. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये दोन गाळण्या असाव्यात. त्यांपैकी पहिलीच्या तळाशी पाणी वेगळे होऊन साचेल असे पारदर्शक भांडे असावे. प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी त्या भांड्याकडे पाहावे आणि खाली पाणी किंवा काळे कण दिसले तर खालचा स्क्रू सैल करून ते काढून टाकावेत. गाळणी बदलली की नळीत हवा शिरते, आणि नळीत हवा असेपर्यंत बहुतेक डिझेल इंजिने सुरू होत नाहीत. ती हवा कोणत्या स्क्रूतून आणि कोणत्या क्रमाने काढायची, हे धक्क्याला बांधलेल्या नौकेवर, दिवसाउजेडी, शांतपणे शिकून घ्यावे. अंधारात, खडकाला पाठ करून, दातांत विजेरी धरून ही विद्या प्रथमच शिकण्याचा प्रसंग कोणावर येऊ नये.

येथेच एक इशारा देणे आवश्यक आहे. इंजिन फिरत असताना फवाऱ्याच्या नळीतून गळती होत आहे की काय हे बोटाने चाचपून कधीही पाहू नये. त्या सूक्ष्म धारेतील दाब इतका प्रचंड असतो की ती कातडी भेदून इंधन आत घुसवते. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आणि माणूस ती पुसून कामाला लागतो. पण आत मांस सडू लागते. अशी जखम कितीही क्षुल्लक भासली, तरी तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचले पाहिजे. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा, हात नव्हे.

दुसरी वाट पाण्याची. नौकेच्या पोटात समुद्र न येऊ देणे हे नौकेचे आद्य कर्तव्य. पण इंजिन थंड ठेवण्यासाठी आपण तिच्या बुडाला मुद्दाम भोक पाडतो आणि समुद्राला आत बोलावतो. त्या भोकावर एक झडप असते. खलाशी तिला सीकॉक म्हणतात. तेथून पाणी जाळीतून पंपाकडे जाते. पंपात रबरी पात्यांचे एक लहानसे चक्र असते, त्याला इंपेलर म्हणतात. ते पाणी पुढे ढकलते. पाणी इंजिनातील उष्णता आपल्याबरोबर घेते, धुराच्या नळीत मिसळते आणि धुरासह पिछाडीकडून बाहेर पडते. म्हणून इंजिन सुरू होताच चालकाने पहिली गोष्ट करावी ती ही, की पिछाडीवरून वाकून धुराबरोबर पाणी बाहेर पडते आहे ना, हे पाहावे. पाणी दिसत नसेल तर इंजिन तत्काळ थांबवावे. पाण्यावाचून फिरणारा इंपेलर काही मिनिटांतच जळून त्याची पाती तुटतात, आणि पाण्यावाचून धुराची रबरी नळीही वितळू लागते.

इंपेलर तुटलेला आढळला तर नवा बसवून समाधान मानू नये. तुटलेल्या पात्यांचे तुकडे मोजावेत. एखादा कमी भरला, तर तो पुढे कोठे तरी नळीत अडकून बसलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी अडवतो. आपल्या किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे पाण्यावर तरंगणारी प्लास्टिकची पिशवी. ती सीकॉकच्या तोंडावर शोषली गेली की पाणी बंद होते. इंजिन थांबवताच ती सुटून निघून जाते आणि मागे काही पुरावा उरत नाही. जाळी साफ करण्यासाठी तिचे झाकण उघडण्यापूर्वी सीकॉक बंद केला पाहिजे, हे सांगण्याची आवश्यकता नसावी. तरीही ते सांगावे लागते.

सीकॉक बंद करून ठेवला तर तो पुन्हा उघडण्याचे विसरते, आणि उघडा ठेवला तर नौका कोणी नसताना पाणी घेते. या पेचातून अनुभवी नाविकांनी एक युक्ती काढली आहे. ते इंजिनाची किल्ली सीकॉकच्या दांड्यालाच अडकवून ठेवतात. किल्ली घेण्यास गेले की हात आपोआप सीकॉकवर पडतो. तसेच प्रत्येक सीकॉकशेजारी त्या भोकात बसेल असा मऊ लाकडाचा निमुळता खुंटा दोरीने बांधलेला असावा. नळी फुटली, झडप मोडली, तर हाताशी असलेला तो खुंटा नौका वाचवतो. पेटीच्या तळाशी असलेला खुंटा उपयोगी पडत नाही.

पाण्याच्या वाटेवर एक छुपा धोका आहे, तो पुष्कळांना ठाऊक नसतो. बहुधा इंजिन बाहेरील पाण्याच्या पातळीच्या खाली बसवलेले असते. इंजिन थांबले, तरी भरलेल्या नळीतून पाणी आपल्या ओढीनेच आत येत राहू शकते. पिंपातून तेल काढताना नळी तोंडाने ओढून सोडली की तेल जसे वाहत राहते, तसेच हे. हे पाणी धुराच्या पेटीत भरते आणि तेथून उलटे नळकांड्यात शिरते. ते टाळण्यासाठी नळीची एक कमान पाण्याच्या पातळीच्या बरीच वर नेऊन तिच्या माथ्यावर हवा आत घेणारी एक लहानशी झडप बसवतात. मिठाने ती झडप चिकटून बसते. वर्षातून दोनदा ती काढून गोड्या पाण्याने धुवावी. याच कारणाने, इंजिन लवकर सुरू होत नसेल तर स्टार्टर पुन्हा पुन्हा फिरवत राहू नये. प्रत्येक फेऱ्याबरोबर पंप पाणी ढकलत असतो, पण ते बाहेर फेकण्यास धूर नसतो. अशा वेळी सीकॉक बंद करून प्रयत्न करावा आणि इंजिन पेटताच त्याच क्षणी उघडावा. बिघडलेले काय आहे ते शोधणे याहूनही श्रेयस्कर.

तिसरी वाट हवेची, आणि या वाटेवर माणसाच्या प्राणाशीच गाठ असते. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आपल्या रक्तातील प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी या विषारी वायूकडे ओढले जाते. म्हणून हवेतील त्याचे अल्प प्रमाणही घातक ठरते. पेट्रोलच्या इंजिनात आणि लहान जनित्रात हा वायू फार निघतो. डिझेलमध्ये कमी निघतो, पण निघत नाही असे नाही. वारा मागून येत असला, की नौकेच्या पिछाडीमागे हवेचा भोवरा तयार होतो आणि मागे सोडलेला धूर पुन्हा पुढे, उघड्या दारातून थेट झोपण्याच्या खोलीत ओढला जातो. शेजारी नांगरलेल्या नौकेचा धूरही असाच आत येतो.

या विषाची लक्षणे पाहा: डोके दुखणे, मळमळणे, भोवळ, झापड. समुद्रावर ही लक्षणे दिसली की सोबतचे लोक काय म्हणतात? "नौका लागली आहे, खाली जाऊन जरा पडा." ज्या माणसाला उघड्या हवेत आणायला हवे, त्याला आपण प्रेमाने विषाच्या खोलीत निजवतो. यासाठी हा नियम मनावर कोरून ठेवावा: इंजिन चालू असताना कोणाला मळमळू लागले, तर त्याला वर, मोकळ्या हवेत आणावे आणि इंजिन थांबवावे, समुद्राला दोष नंतर द्यावा. या वायूची सूचना देणारे लहानसे उपकरण आता मिळते. ते झोपण्याच्या खोलीत बसवलेले असावे आणि त्याची चाचणी वेळोवेळी घ्यावी.

हवेसंबंधी आणखी एक गोष्ट. डिझेल इंजिनात एखादे वेळी स्वतःचेच वंगणतेल नळकांड्यात शिरू लागते आणि इंजिन तेच इंधन म्हणून जाळू लागते. मग किल्ली फिरवून किंवा इंधन बंद करून ते थांबत नाही. त्याचा वेग वाढतच जातो. अशा बेफाम इंजिनाला थांबवण्याचा उपाय म्हणजे त्याची हवा तोडणे. हवेच्या तोंडावर सपाट फळी दाबून धरावी, हात कदापि नव्हे. आणि ते शक्य नसेल तर तेथून दूर व्हावे.

या तीन वाटांखेरीज इंजिनाचे आरोग्य त्याच्या वंगणावर अवलंबून असते. रोज सकाळी, इंजिन थंड असताना, तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल काळे असणे हे डिझेलमध्ये स्वाभाविक आहे. ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले असे समजावे आणि इंजिन सुरू करू नये. नौका वाऱ्याने एका अंगावर कलली असताना इंजिन जोराने चालवणेही अयोग्य. तेल एका कडेला जाते, ते ओढून घेणारी नळी उघडी पडते आणि यंत्राचे सांधे कोरडे फिरू लागतात. किती कलापर्यंत इंजिन चालवावे ही मर्यादा त्या इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेली असते. धूरही बरेच सांगून जातो. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते आहे किंवा भार जास्त होतो आहे. निळसर धूर म्हणजे वंगण जळते आहे. पांढरा धूर म्हणजे इंधन न जळता बाहेर पडते आहे किंवा पाण्याची वाफ होते आहे. वैद्य जशी जीभ पाहतो, तसा चालकाने धूर पाहावा.

विजेबाबत दोनच गोष्टी सांगतो. इंजिन सुरू करण्याची बॅटरी दिव्यांच्या बॅटरीहून वेगळी असावी, म्हणजे रात्रभर दिवे जळाल्याने सकाळी इंजिन मुके राहणार नाही. आणि इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य खटका कधी बंद करू नये. त्याने वीज तयार करणारा अल्टरनेटर क्षणात निकामी होऊ शकतो. इंजिनाच्या जागेत आग लागल्याचा संशय आला, तर मात्र इंजिन थांबवावे, इंधन बंद करावे आणि झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा. झाकण उघडणे म्हणजे आगीला हवा देणे. त्यासाठी झाकणाला अगोदरच एक लहानसे छिद्र ठेवलेले असावे, ज्यातून अग्निशामकाची नळी आत घालता येईल.

आता नौकेच्या बाहेर, पाण्याखाली फिरणाऱ्या पंख्याकडे वळू. शिडाच्या नौकेवर दोरांचे जंगल असते, आणि त्यातील एखादा दोर घाईच्या वेळी हमखास पाण्यात लोंबत असतो. तो पंख्यात गुंतला की इंजिन जागच्या जागी अडकते. म्हणून इंजिनाला गती देण्यापूर्वी नौकेभोवती एक फेरी मारून प्रत्येक दोर डेकवर आहे ना, हे पाहावे. कोकणच्या किनाऱ्यालगत रात्री प्रवास करणाऱ्यांनी मच्छीमारांची जाळी आणि त्यांच्या खुणेची तरंगणी यांवर नजर ठेवावी. जाळे पंख्यात गेले तर नुकसान दोघांचेही होते, आणि ज्याचे पोट त्या जाळ्यावर आहे त्याचे अधिक. पंखा मोकळा करण्यास कोणी पाण्यात उतरणार असेल, तर इंजिनाची किल्ली काढून त्या माणसाच्या स्वाधीन करावी. तसेच पाण्यात पडलेल्या माणसाला जवळ घेताना इंजिन केवळ गतिहीन ठेवून भागत नाही; ते पूर्ण थांबवावे. चुकून दांड्याला लागलेला धक्का पंखा फिरवण्यास पुरेसा असतो.

इंजिन सुरू केल्याने नौकेचा धर्मही बदलतो, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. समुद्रावरील टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले आणि १९७७ पासून अमलात आले. त्यांनुसार, शिडे उभारलेली असली तरी इंजिनाच्या बळावर पुढे जाणारी नौका ही यांत्रिक नौकाच समजली जाते. शिडाच्या नौकेला इतरांनी वाट द्यावी हा तिचा अधिकार त्या क्षणी संपतो आणि वाट देण्याचे कर्तव्य तिच्याकडे येते. आपण बदललो आहोत हे इतरांना कळावे म्हणून दिवसा नौकेच्या पुढील भागी टोक खाली केलेला काळा शंकू टांगावयाचा आणि रात्री यांत्रिक नौकेचे दिवे लावावयाचे. दुरून शिडे पाहणाऱ्याला आतील इंजिनाचा आवाज ऐकू येत नसतो. त्याची समजूत चुकू न देणे, हाही सुरक्षिततेचाच भाग आहे.

या सर्व दक्षतेनंतरही इंजिन बंद पडू शकते, हे गृहीत धरूनच बंदरात शिरावे. बंदराच्या तोंडापासून दूर, पाणी मोकळे असतानाच इंजिन सुरू करावे आणि पंधरा-वीस मिनिटे भाराखाली चालवून पाहावे. गाळ यायचा असेल तर तेथेच येऊ द्यावा. शिडे उतरवली तरी ती बांधून, झाकून टाकू नयेत. एका हिसक्यात वर चढतील अशी ठेवावीत. नांगर मोकळा करून, साखळी तपासून, तो सोडण्यास एक माणूस नाळेवर उभा करावा. इंजिन थांबलेच, तर नांगर पाण्यात पडण्यास काही सेकंद पुरतात. ज्याने नांगर तयार ठेवला त्याच्या दृष्टीने इंजिन बंद पडणे ही अडचण असते. ज्याने ठेवला नाही त्याच्या दृष्टीने तो अपघात असतो.

शेवटी विश्रांतीविषयी. यंत्र कामाने झिजते हे आपण जाणतो, पण नौकेचे इंजिन कामापेक्षा विश्रांतीने अधिक बिघडते. नुसती बॅटरी भरण्यासाठी तासन् तास मंद चालवलेले इंजिन आतून काजळते. त्याला अधूनमधून भर भार देऊन चांगले तापवावे लागते. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात बहुतेक शिडाच्या नौका पाण्याबाहेर काढतात. त्या वेळी जुने तेल इंजिनातच ठेवू नये, कारण त्यात आम्ल तयार झालेले असते आणि ते चार महिने धातूला चाटत बसते. तेल बदलूनच नौका झाकावी. खाऱ्या पाण्याच्या वाटा गोड्या पाण्याने धुवाव्यात, इंपेलर काढून ठेवावा. थंड पाण्याच्या वाटेत जस्ताचा एक तुकडा बसवलेला असतो. खारे पाणी इतर धातूंऐवजी त्याला खाते आणि तो झिजून बाकीच्यांना वाचवतो. तो अर्धा संपला की बदलावा. आणि या सर्वांची तारीख, इंजिन किती तास चालले त्याच्या आकड्यासह, एका वहीत लिहून ठेवावी. स्मरणशक्ती इंजिनाच्या बाबतीत नेहमी उदार असते. तेल गेल्या महिन्यातच बदलले असे तिला वाटते, वही पाहिली की ते गेल्या वर्षी बदललेले असते.

हिशेब केला तर या साऱ्याला निघण्यापूर्वी रोजची दहा मिनिटे लागतात: तेलाची पट्टी, पाण्याची जाळी, इंधनाचे भांडे, पंख्याचा पट्टा, बिल्जमध्ये एक दृष्टिक्षेप, आणि सुरू झाल्यावर पिछाडीवरून पाण्याकडे एक नजर. आपल्या किनाऱ्यावरचे जुने तांडेल पहाटे उठून प्रथम आकाशाकडे पाहत आणि मगच नांगर उचलत. ती सवय आजच्या नाविकानेही सोडू नये. मात्र आकाश पाहून झाल्यावर त्याने पायाखालची फळीही उचलून पाहावी. आकाश त्याला आज वारा कसा आहे ते सांगेल. आणि वारा पडला, संध्याकाळ झाली, ओहोटी सुरू झाली आणि डेकवर मुलेबाळे बसलेली असली, तर घरी पोहोचता येईल की नाही, ते त्या फळीखाली कळेल.